आखाड गाठायचा होता, गाठला श्रावण

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून एका ताईंनी लिहिलंय. घरामागे वीस बाय तीस फुटांची पत्र्याची शेड आहे. २०२४ साली शेजारच्या वस्तीवरच्या एकाने ४ ऑगस्टच्या गटारीला आपला सगळा माल दोन दिवसांत संपवला, ते ताईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून २०२५ मध्ये त्याच तारखेवरून बारा आठवडे मागे मोजून त्यांनी १२ मे रोजी गावरान क्रॉसची ६०० पिल्लं टाकली, पस्तीस रुपयांना एक. पण गटारी आली २४ जुलैला. पक्षी तेव्हा जेमतेम किलोचे. तरी दारावर १४० नग गेले, तीनशे रुपये नगाने. पुढे श्रावण लागला आणि गिऱ्हाईक बंद. २८ पक्षी मेले. उरलेले ४३२ व्यापाऱ्याने ३० ऑगस्टला उचलले, किलोला १३० रुपये, सरासरी वजन एक किलो सातशे. खाद्याची बासष्ट पोती लागली, पन्नास किलोचं पोतं अठराशेला. औषध-लस सहा हजार, तूस-वीज पाच हजार. शेवटी पदरचे सहा हजार गेले. ताई विचारतात: "यंदा बचत गटातून पन्नास हजार मिळतायत. १५०० पिल्लं टाकून मागचा तोटा भरून काढू का? मालक म्हणतात कंपनीचं ब्रॉयलर करू, डोक्याला ताप नको. दिरांनी कडकनाथचा एक माणूस घरी आणला, तो पिल्लं देणार आणि माल तोच परत घेणार म्हणतो. सासूबाई म्हणतात, मुक्या जिवावरचा पैसा, तो पण सणाचा, लाभत नाही. कुणाचं ऐकू?"

ताई,

तुम्ही पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने हिशेब मांडलाय. मी तो आधी वाचला, पत्र नंतर. हिशेब चोख आहे. फक्त एक झालंय, तुम्ही सगळे पक्षी एकाच बेरजेत घेतलेत, त्यामुळे खरी गोष्ट त्यात बुडाली आहे. ती बेरीज आपण फोडू.

२४ जुलैला तुमचे पक्षी ७३ दिवसांचे होते. तोवर एकेकाने दोन किलो सातशेच्या आसपास खाद्य खाल्लं असणार, म्हणजे सत्त्याण्णव रुपये. पिल्लाचे पस्तीस. लस, तूस, वीज मिळून नगाला वीस धरा. झाले दीडशे. हा पक्षी तुम्ही दारात बसून तीनशेला दिला. म्हणजे १४० नगांनी तुम्हाला एकवीस हजार मिळवून दिले. आता उरलेले ४३२. ते आणखी ३७ दिवस तुमच्या दारात जेवले. त्या वयाचा पक्षी दिवसाला शंभर ग्रॅम खातो, तुमच्या भावाने साडेतीन रुपयांच्या वर. ३७ दिवसांचे १३३ रुपये. व्यापाऱ्याची गाडी आली तेव्हा एकेका पक्ष्यावर तुमचे २८३ रुपये बसले होते आणि हातात पडले २२१. नगामागे बासष्ट रुपये गेले. ४३२ नगांचे सत्तावीस हजार होतात.

म्हणजे तुमचा तोटा सहा हजारांचा नाहीच. तुम्ही एकवीस हजार कमावले आणि मग सत्तावीस हजार घालवले. पत्रात तुम्ही लिहिता की "माल थोडा होता म्हणून जमलं नाही". हे वाक्य मी तीनदा वाचलं. माल थोडा नव्हता ताई. तुमच्या दाराला जेवढं गिऱ्हाईक होतं त्याच्या चौपट होता.

ते १४० नग कुणी नेले, हे मात्र तुम्ही एका शब्दानेही लिहिलं नाही. माझ्या दृष्टीने तुमच्या सगळ्या धंद्यातली मोलाची गोष्ट तीच. बोर्ड नाही, जाहिरात नाही, पक्षी अजून भरलेले नाहीत, तरी आठवडाभरात १४० नग पूर्ण भावाने गेले. ती माणसं कोण? वाडीतली? शाळेतले गुरुजी? विट्याहून मोटारसायकलवर आलेली? आज संध्याकाळी बसून आठवतील तेवढी नावं एका वहीत लिहा. किती पिल्लं टाकायची हे ती वही ठरवील. कर्जाच्या आकड्यावरून ते ठरवू नका.

आता तारखेचं. तुमची चूक आकडेमोडीची नव्हती, मोजायला सुरुवात जिथून केली तिथली होती. सण तिथीने येतो, आपण तारखेने लक्षात ठेवतो. आषाढ अमावास्या २०२३ मध्ये १७ जुलैला होती, २०२४ मध्ये ४ ऑगस्टला, २०२५ मध्ये २४ जुलैला. यंदा, २०२६ मध्ये, ज्येष्ठ अधिक आलाय, १७ मे ते १५ जून धोंड्याचा महिना, त्यामुळे पुढचे सगळे सण लांबले. यंदाची आषाढ अमावास्या १२ ऑगस्टला, बुधवारी. गेल्या वर्षीची चूक सुधारायची म्हणून तुम्ही यंदा २४ जुलै धरलीत, तर १९ दिवस आधी पोचाल. म्हणून पिल्लं बुक करण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर नव्हे, त्यातल्या बारीक अक्षरातल्या तिथ्या बघा.

तिथीइतकाच वारही महत्त्वाचा. आपल्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार हे खाण्याचे वार. सोमवार, गुरुवार, शनिवार बहुतेक घरांत पाळतात. २०२५ ची अमावास्या गुरुवारी होती. ज्या घरात गुरुवार आहे तिथे गटारी आदल्या बुधवारी नाहीतर त्याआधीच्या रविवारी उरकली. २०२३ ची सोमवारी होती, तीही रविवारीच झाली. यंदा बुधवार, म्हणजे दिवस चांगला. पण त्याआधीचा ९ ऑगस्टचा रविवार एकादशीचा आहे, माळकरी घरं त्या दिवशी दारातही येणार नाहीत. म्हणून यंदा जोर दोन दिवसांवर धरा: २ ऑगस्टचा रविवार (त्या दिवशी संकष्टी आहे, ती पाळणारी घरं सोडून) आणि १२ चा बुधवार. बारा आठवड्यांचा पक्षी हवा असेल तर पहिल्यासाठी पिल्लं १० मेच्या सुमारास, दुसऱ्यासाठी २० मेच्या. ब्रॉयलरवाल्यांना हेच गणित चाळीस दिवसांचं असतं. पाच महिने लागणारा अस्सल गावरान धरला तर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, उन्हाच्या तोंडावर सुरुवात करावी लागते. हे लिहितोय कारण असंच पत्र दर दोन महिन्यांनी कुठून ना कुठून येतं, पक्ष्याची जात बदलते, चूक तीच असते.

आणि गटारी म्हणजेच आखाड, हे कुणी सांगितलं? ते शहराचं गणित. आपल्या गावात आखाड महिनाभर चालतो. यंदा १५ जुलैपासून आषाढ लागतो. मरीआई, म्हसोबा, लक्ष्मी यांना मंगळवार-शुक्रवार बघून खारा निवद जातो, कुणी शेताच्या बांधावर कोंबडं देतं, कुणी नवस फेडतं. या गिऱ्हाइकाला किलोशी देणंघेणं नाही. त्याला कोंबडा हवा असतो, जिवंत, तुऱ्याचा, पायाला लंगडा नको, पिसं झडलेला नको, रंगही ठरलेला असतो. तो नगावर घेतो आणि फार घासाघीस करत नाही, कारण देवाच्या कामात घासाघीस केलेली घरातल्या म्हातारीला चालत नाही. तुमच्या पिल्लांत निम्मे नर असणारच. नवव्या-दहाव्या आठवड्यात तुरा लाल व्हायला लागला की चांगल्या अंगाचे पन्नास-साठ नर जाळी मारून वेगळे काढा. एका खुराड्यात दाटीने राहिले की एकमेकांच्या शेपट्या उपटतात, आणि शेपटी गेलेला कोंबडा देवाला चालत नाही.

सणाच्या भावाबद्दल आणखी एक समजूत आहे, ती जरा तपासू. गटारीला चिकनचा भाव चढतो हे खरं, पण तो चढतो दुकानाच्या पाटीवर. शेडवरचा भाव वेगळा. त्याच अमावास्येवर डोळा ठेवून कंपन्यांनी हजारोंच्या बॅचा टाकलेल्या असतात, तुमच्यासारख्यांनी शेकड्यांच्या. सगळ्यांचा माल एकाच आठवड्यात तयार. व्यापाऱ्याला निवड भरपूर असते आणि अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी तुम्हाला पक्षी ठेवून चालत नाही, हे त्याला तुमच्याइतकंच ठाऊक असतं. तुम्ही त्याला पत्रात लुटारू म्हटलंय. माझं मत थोडं वेगळं आहे. ३० ऑगस्टला गणपती बसलेले, दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या, त्या दिवशी तुमचा माल उचलणारा तो एकटाच होता. त्याने पडता भाव दिला, पण तो भाव त्याने पाडला नव्हता, पंचांगाने पाडला होता.

हे शहाणपण मी पुस्तकातून आणलेलं नाही. कोरेगावच्या बाजूला माझीही शेड होती. २०२० च्या धुळवडीसाठी, १० मार्चला होती ती, मी आठशे पक्षी तयार ठेवले होते. होळीची कर म्हणजे आपल्याकडे हमखास मटण-कोंबडीचा दिवस, मी निर्धास्त. फेब्रुवारीत फोनवर मेसेज फिरायला लागले की कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो. साफ खोटं होतं, पण ते खोटं आहे हे कळेपर्यंत कोण थांबतं! ज्या व्यापाऱ्याने शब्द दिला होता त्याने फोन उचलायचं बंद केलं. भाव उत्पादन खर्चाच्या निम्म्यावरही राहिला नाही. शेवटी काही पक्षी मी वाटून टाकले. पण त्या दिवशीसुद्धा सकाळी सातला अकरा घरची माणसं पिशव्या घेऊन आली, रोख पैसे देऊन गेली. वर्षभर माझ्याकडून नेणारी ती माणसं होती, माझी शेड त्यांनी आतून पाहिली होती. आठशे पक्ष्यांना अकरा घरं. त्या दिवसापासून मी पिल्लांआधी घरं मोजतो.

आता तुमचे १५०० मोजू. पिल्लंच साडेबावन्न हजारांची. म्हणजे गटाचं कर्ज पहिल्या दिवशी, गाडीतून पेट्या उतरतानाच संपलं आणि अडीच हजार वर लागले. ७३ दिवसांपर्यंतचं खाद्य एक लाख पंचेचाळीस हजारांचं. ते उधारीवर उचलाल, तर खाद्याचा दुकानदार सांगेल त्या दिवशी पक्षी विकावे लागतील, मग तिथी बघून काय उपयोग? आणि जागा? तुमची शेड सहाशे चौरस फुटांची. बारा आठवड्यांच्या पक्ष्याला दीड-दोन फूट तरी लागतात. गेल्या वर्षीचे सहाशेच दाटीत होते, आणि २८ मेले त्यातले बरेचसे जुलैच्या पावसात तुसाची गादी ओली झाल्यावर गेले असणार असा माझा अंदाज आहे. शेडमध्ये शिरल्यावर डोळे चुरचुरत होते का? होत असतील तर तो ओल्या तुसातला अमोनियाचा वास. त्या शेडमध्ये तीनशे पक्षी सुखाने राहतात.

तीनशे. वहीतली नावंही बहुधा तेवढ्याचीच निघतील. गेल्या वर्षी जाहिरात न करता १४०, यंदा महिनाभर आधी नोंदणी घेतली तर दोनशे-अडीचशेला हरकत नाही. नोंदणी म्हणजे फार काही नाही. वहीत नाव, वाडी, किती नग, कोंबडा हवा की तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी), कुठल्या दिवशी, आणि शंभर रुपये इसार. इसार घेताना लाज वाटते, मला माहीत आहे, गावातलीच माणसं असतात. पण इसार न दिलेला माणूस वाटेत दुसरीकडे स्वस्त दिसलं की थांबतो, दिलेला तुमच्या दारापर्यंत येतो. घराच्या पायरीवर काटा ठेवा. तीनशेला नग दिलात तेव्हा मोठं कोंबडं आधी आलेल्याने नेलं आणि शेवटच्याला तेवढ्याच पैशांत बारकं मिळालं, तो यंदा येईल का? देवाचा कोंबडा नगावर, खाण्याचा पक्षी वजनावर, हे आधीच सांगून ठेवा. साफ करून द्या असं म्हणणारे भेटतील. दारात पाणी, सुरी, घाण टाकायला खड्डा हे सगळं आलं, आणि कापलेलं मांस विकायचं तर अन्नसुरक्षेची नोंदणीही लागते. पहिल्या वर्षी जिवंतच विका.

सगळे तीनशे एकाच दिवशी आणायचे की दोन खेपांत, यावर मी बराच विचार केला. दीडशे १० मेला आणि दीडशे २० मेला, हे विक्रीला सोयीचं. पण वेगवेगळ्या वयाचे पक्षी एका छपराखाली म्हणजे रोगाला आमंत्रण. मोठ्यांतली मर लहानांना लागते. दोन खेपा करायच्याच असतील तर लहानांचा ब्रूडर (पिल्लांना ऊब देण्याची जागा) घराच्या दुसऱ्या अंगाला, वाऱ्याच्या वरच्या बाजूला लावा. सकाळी आधी लहानांकडे जायचं, मग मोठ्यांकडे, उलट नाही. दोन्हीकडे चपला वेगळ्या, दाराशी चुना. एवढं पाळणं होणार नसेल तर एकच खेप १५ मेची टाका, त्यातले मोठे आधी आणि बारके अमावास्येला द्या. तुमच्या घरात लहान मुलं आहेत, ती दोन्हीकडे पळणार, म्हणून मला एकच खेप बरी वाटते. राणीखेतची लसोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब, गंबोरोची लस चौदाव्याच्या आसपास, लसोटा पुन्हा चौथ्या आठवड्यात, पुढे देवीची आणि आठव्या आठवड्यात राणीखेतची टोचायची लस. वेळापत्रक पशुवैद्यकाकडून लिहून घ्या आणि शेडच्या दारावर चिकटवा. विक्रीच्या आधीच्या दिवसांत अँटिबायोटिक द्यायचं नाही. दिलंच तर डॉक्टर सांगतील तितके दिवस तो पक्षी कुणाच्या ताटात जाता कामा नये.

यानंतरची गोष्ट मला खरं तर सगळ्यात आधी सांगायची होती. श्रावणात तुमच्या शेडमध्ये मोठे पक्षी नसावेत. गेल्या वर्षी ४३२ पक्षी रोज दीड हजार रुपये खात होते ते याच महिन्यात. यंदा श्रावण १३ ऑगस्टला लागतो. १२ ला शेड रिकामी झाली की तूस काढा, जमीन खरवडा, भिंतींना चुना मारा, दहा-बारा दिवस नुसतं ऊन-वारा लागू दे. ऑगस्टच्या अखेरीस पुढची पिल्लं टाका. उरलेला श्रावण, गणपती, पितृपंधरवडा, नवरात्र, या गोड दिवसांत तुमचे पक्षी चिमूटभर खाणारी पिल्लं असतील किंवा वाढत असतील, आणि भाऊबीज झाल्यावर, नोव्हेंबरच्या मध्याला, बारा आठवड्यांचे होतील.

नोव्हेंबर का? कारण तुम्ही खानापूर तालुक्यात राहता. तुमच्या गावातली निम्मी घरं गलाईवाल्यांची असतील. कुणी चेन्नईला, कुणी कोलकात्याला, कुणी पार आसामात सोनं-चांदी गाळतंय. ती माणसं आखाडाला येत नाहीत. ती येतात दिवाळीला आणि गावच्या जत्रेला. वर्षभर ब्रॉयलर खाऊन कंटाळलेला माणूस गावात उतरला की पहिल्यांदा विचारतो, 'गावरान कुठं मिळंल?' त्याला भाव विचारायची सवय नसते, फक्त पक्षी पळणारा हवा. चैत्र-वैशाखातल्या जत्रांचं तर आणखी चांगलं. अमावास्या सगळ्या महाराष्ट्राला एकाच दिवशी असते, जत्रा मात्र दर गावाची वेगळ्या तारखेला. आज तुमची, चार दिवसांनी शेजारची, पुढच्या आठवड्यात पलीकडची. पहिल्या दिवशी पालखी आणि गोडा निवद, दुसऱ्या दिवशी खारा आणि कुस्त्या. बोकडं कापली जातात हे खरं, पण चार माणसांच्या घराला बोकड परवडत नाही, त्यांना दोन कोंबड्या लागतात. दहा गावांच्या जत्रा म्हणजे दीड महिन्यात दहा छोट्या गटाऱ्या, आणि एकीतही सगळा जिल्हा तुमच्या स्पर्धेला उतरत नाही. त्यासाठी पिल्लं संक्रांतीनंतर टाकावी लागतात, थंडीत ब्रूडरची वीज जास्त जाते, तेवढी जाऊ द्या. आजूबाजूच्या दहा गावांच्या जत्रांच्या तिथ्या त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून काढा. एखाद्या देवस्थानात पशुबळीला बंदी असते, मांढरदेवला यात्रेत असते तशी. तिथे गाडी भरून जाऊ नका. माल घराघरांत जातो, देवळापुढे नाही.

मालकांचं म्हणणं मोडीत काढू नका. करारावरचं ब्रॉयलर हा वाईट धंदा नाही, पण तो सणाचा धंदा नाही. कंपनी पिल्लं, खाद्य, औषध देते. शेड, वीज, तूस, मेहनत तुमची. किलोमागे ठरलेला संगोपन दर मिळतो, कमी खाद्यात जास्त वजन आणलं तर थोडं वर, मर जास्त झाली तर कापून. माल कधी उचलायचा ते कंपनी ठरवते. गटारीचा चढा भाव कंपनीचा, श्रावणातला पडता भावही तिचाच. खरं सांगायचं तर बाजाराची चिंता ज्याला नकोच आहे त्याला हे बरं. पण त्यासाठी तुमची शेड लहान पडेल, मोठी बांधायला कर्ज लागेल, आणि कंपन्या सहसा त्याच आवारात गावरान ठेवू देत नाहीत. म्हणजे ती १४० गिऱ्हाइकं सोडावी लागतील. मालकांना हा हिशेब दाखवा आणि दोन खेपा मागून घ्या, आखाडाची आणि दिवाळीची. त्यातही पदरचे गेले तर पुढचा निर्णय त्यांचा, असं कबूल करा. नवऱ्याशी भांडून जिंकण्यापेक्षा मुदत मागणं सोपं असतं.

कडकनाथचं मात्र मी सरळ 'नाही' म्हणतो. पक्ष्याबद्दल तक्रार नाही. मध्य प्रदेशातल्या झाबुआचा तो पक्षी, २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तक्रार त्या कागदाबद्दल आहे. तुम्ही सांगली जिल्ह्यात राहता, २०१९ मध्ये इस्लामपूरकडून काय उघडकीला आलं ते तुमच्या दिरांना आठवत नसेल तर गावात कुणालाही विचारा. पिल्लं आम्ही देतो, माल आम्हीच घेतो, असंच तेव्हाही लेखी होतं, आणि कितीतरी शेतकऱ्यांच्या शेडमध्ये काळे पक्षी आणि हातात तो कागद एवढंच उरलं. दिरांचं मन मोडायचं नसेल तर त्या माणसाला एकच विचारा: आमच्याकडून परत घेतलेले पक्षी शेवटी खातं कोण, त्या हॉटेलाचं नाहीतर दुकानाचं नाव सांग, आम्ही स्वतः जाऊन येतो. नाव सांगितलं तर जाऊन या. त्याचा माल बहुतेक दुसऱ्या शेतकऱ्यालाच पिल्लं म्हणून विकला जात असेल. तुमच्या घराला दहा-बारा हौसेचे कडकनाथ पाळायचे असतील तर बाजारातून आणा, कुठल्याही कागदावर सही न करता.

सासूबाईंबद्दल मला फार अधिकाराने बोलता येणार नाही. त्यांचा आक्षेप पापपुण्याचा आहे की गेल्या वर्षी तुम्हाला महिनाभर शेडमध्ये रडताना पाहिलं त्याचा आहे, हे तुम्हालाच ओळखता येईल. दुसरं असेल तर उपाय आहे. तीनशेपैकी चांगल्या साठ-सत्तर तलंगा अमावास्येला विकू नका, त्यांच्या हवाली करा. मेमध्ये आलेली तलंग दिवाळीच्या पुढेमागे अंड्यावर येते, आणि थंडीत गावरान अंड्याला मागणी चांगली असते. अंड्यांचे पैसे त्यांच्या डब्यात जाऊ द्या. त्यांच्या पिढीत कोंबड्या बायकांच्याच असायच्या, अंड्याच्या पैशांवर घरातल्या पुरुषाचा हात नसायचा. तुम्ही विचारलंत तर त्या स्वतः सांगतील. मात्र या तलंगांना शेडमधून बाहेर काढून वेगळं खुराडं करायला हवं, नाहीतर श्रावणात शेड रिकामी ठेवण्याचा सगळा बेत फसेल.

गटाचे पन्नास हजार सगळे उचलू नका. तीनशे पिल्लं साडेदहा हजारांची, ७३ दिवसांपर्यंतचं खाद्य एकोणतीस-तीस हजारांचं, लस-तूस सहा. पंचेचाळीसच्या आसपास बसतं, त्यातले पंधरा हजार तुमच्याकडे इसारातून आणि आधी विकलेल्या कोंबड्यांतून येतील. तीस-पस्तीस उचला. पिल्लांसाठी हॅचरीला महिनाभर आधी सांगावं लागतं; कोल्हापूरच्या शासकीय मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातही चौकशी करा, तिथे नंबर लावावा लागतो. फोन करण्याआधी वही भरा. पहिल्या आठवड्यात ऐंशी नावंसुद्धा झाली नाहीत तर तीनशे नको, दोनशेच टाका. आणि वहीत पहिलं नाव त्या शेजारच्या वस्तीवरल्याचं लिहा, २०२४ मध्ये ज्याचा माल दोन दिवसांत गेला होता. त्याने तो कुणाला विकला होता, तारीख बघून ठेवलीत तेव्हा हे विचारायचं राहून गेलं असणार.